थाकाडूचे कान

केलापिले मोत्शेग्वा हा काही खोटं बोलणाऱ्यांतला माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. वजनमापे खात्यात सव्वीस वर्षं काढलेला माणूस तो. चार ग्रॅम इकडचे तिकडे झाले तरी तो वही काढून दंड लिहायला बसायचा. त्लोक्वेंगच्या बाजारात तो नुसता साबण आणायला शिरला तरी खाटीक आपापले तराजू पुसायला घ्यायचे. आणि असा हा माणूस जून महिन्यातल्या एका सकाळी, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर, टोपी मांडीवर ठेवून धडधडीत खोटं बोलला. तेही एका जनावराबद्दल.

प्रसंग भाचीच्या मागणीचा होता. सेगामेत्सी ही त्याच्या धाकट्या बहिणीची मुलगी. प्राथमिक शाळेत शिकवायची, आणि मामावर तिचा भारी जीव. मागणीत मामाचा शब्द शेवटचा, त्यामुळे केलापिलेने इस्त्रीचा कोट घातला होता आणि चेहऱ्यालाही जमेल तेवढी इस्त्री केली होती. मुलाकडची मंडळी रामोत्स्वाहून आली होती. त्यांचे पुढारी रा सेबोनी, मुलाचे थोरले काका; वडीलधाऱ्यांना तिकडे आदराने ‘रा’ म्हणतात. वय एकाहत्तर, अंगावर घोंगडी, हातात काठी, आणि जीभ अशी तिखट की काठी उचलायची वेळच येऊ नये. मुलीसाठी द्यायच्या गुरांचं बोलणं गोडीगुलाबीने पार पडलं. चहा आला, माग्विन्या, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोळे, गरमगरम तळून आल्या, आणि मग सोयरे पोटभर खाऊन बसले की जे होतं ते सुरू झालं, म्हणजे एकमेकांच्या देवकांची टिंगल.

रामोत्स्वावाल्यांचं देवक नारे, म्हणजे रानरेडा. त्लोक्वेंगवाल्यांचं थाकाडू. थाकाडू हे डुकराच्या नाकाचं, गाढवाच्या कानांचं, वाळवी खाऊन बिळात राहणारं जनावर आहे, आणि त्याचा मुख्य गुण हा की ते कुणाला दिसत नाही. केलापिलेला लोक रस्त्यात ‘कसं काय, थाकाडू’ अशी आदराने हाक मारत. त्याच्या बापालाही मारत. पण त्याने, बापाने, आजोबाने, कुणीच तो प्राणी पाहिलेला नव्हता, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नसे. देवक पाळायचं असतं, त्याच्या घरी जाऊन हजेरी थोडीच लावायची असते.

“आमचा नारे दिसला की माणूस झाडावर चढतो,” सेबोनी चहा फुंकत म्हणाले. “तुमचा थाकाडू दिसल्याचं मात्र मी सत्तर वर्षांत ऐकलं नाही. खरंच असतो का हो तो, की तुमच्या पूर्वजांनी घाईत काहीतरी नाव सांगून वेळ मारून नेली?”

सगळे हसले. केलापिलेची सख्खी आत्यासुद्धा शालीत तोंड खुपसून हसली. दाराआड सेगामेत्सी उभी होती, ती तेवढी हसली नाही. ती मामाकडे बघत होती, मामा आता काय बोलतो म्हणून. तिथेच घात झाला.

“मी पाहिलाय,” केलापिले म्हणाला. “याच डोळ्यांनी.”

सेबोनींनी कप खाली ठेवला. “वा, थाकाडू. मग लग्नात कुळाची स्तुती तुम्हीच म्हणणार. तेव्हा एवढंच सांगा, तो चालताना कान कसे ठेवतो? मला लहानपणापासून कुतूहल आहे.”

लग्न सप्टेंबरात होतं.

हे सगळं घडलं तेव्हा खिशात फोन घेऊन हिंडायची पद्धत नव्हती, नाहीतर ही गोष्ट इथेच संपली असती. केलापिलेने वाचनालयातली झाडून सगळी पुस्तकं पालथी घातली. एका पुस्तकात थाकाडू उभा होता, दुसऱ्यात बसला होता, तिसऱ्यात नुसता त्याचा सांगाडा होता, आणि सांगाड्याला कान नसतात. चालणारा थाकाडू काही कुणी छापलेला नव्हता. घरी त्याची बायको म्मागोफा हिने दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता विचारलं की लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्यातला हा थाकाडू नेमका कोणत्या वर्षी पाहिला? केलापिलेने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. तिला जे कळायचं ते कळलं.

उपाय एकच होता. लग्नाआधी गुपचूप जायचं, थाकाडू पाहायचा, कान लक्षात ठेवायचे आणि परत यायचं. वन्यजीव खात्यातल्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं की ऐन हिवाळ्यात, म्हणजे त्या मुलखात जूनजुलैत, रात्री फार गारठा पडतो, तेव्हा थाकाडू दुपारीच उन्हाला बाहेर येतो, आणि खुत्सेच्या अभयारण्यात नशीब असेल तर दिसतो. खुत्से घरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. एका शनिवारचं काम. केलापिले मनातून एवढा खूश झाला की त्या दिवशी त्याने एका दुकानदाराचा तराजू नुसता ताकीद देऊन सोडला.

गुपचूप हा शब्द त्लोक्वेंगमध्ये फार दिवस टिकत नाही. कुंपणापलीकडे राहणाऱ्या म्माचेपोला दुसऱ्या दिवशीच सगळं ठाऊक होतं. तिने कुंपणावर दोन्ही कोपरं टेकवून सांगितलं की देवकाच्या डोळ्यांत बघू नये, तपकीर जवळ ठेवावी, आणि मुख्य म्हणजे रिकाम्या हाताने जाऊ नये. पाहुण्याकडे जाताना आपण खाऊ नेतो ना? थाकाडूचा खाऊ वाळवी. मागच्या वावरातलं वारूळ खणून गोणीभर माती न्यावी, वासाने धावत येईल. केलापिलेने हे हसण्यावारी नेलं. बुधवारी म्माचेपोने स्वतःच गोणी भरून, तोंड सुतळीने शिवून त्याच्या दारात आणून ठेवली. आता शेजारणीने स्वतःच्या हाताने खणलेली वाळवी परत कशी करायची? त्याचा शिष्टाचार काही केलापिलेला माहीत नव्हता.

मग परवान्याचं प्रकरण. केलापिले स्वतः सरकारी माणूस असल्यामुळे त्याला वाटलं होतं की आत जाऊ, ओळख सांगू, शिक्का घेऊन बाहेर पडू. खिडकीपलीकडच्या बाईंनी त्याला चार पानी फॉर्म दिला. त्यात ‘भेटीचा उद्देश’ असा रकाना होता आणि पुढे सहल, संशोधन, चित्रीकरण, इतर. केलापिलेला सहल लिहिणं जिवावर आलं. हा काय हवा खायला निघाला होता? त्याने इतरवर खूण केली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘नातलगाला भेटणे’.

बाईंनी ते वाचलं आणि त्याला सात नंबरच्या खिडकीवर पाठवलं, कारण अभयारण्याच्या हद्दीत काही वस्त्या होत्या आणि तिथल्या रहिवाशांना भेटायचं तर वेगळा अर्ज होता. सात नंबरवर नातलगाचं नाव विचारलं. त्याने थाकाडू सांगितलं. आडनाव विचारलं. आडनाव मोत्शेग्वाच धरावं, असं तो म्हणाला. नातलगाचं निमंत्रणपत्र मागितलं. तेव्हा केलापिलेने गळा साफ करून नातलग वाळवी खातो वगैरे सविस्तर सांगितलं, आणि खिडकीमागच्या तरुणाने ते सगळं शांतपणे ऐकून उद्या या असं म्हटलं. सव्वीस वर्षं केलापिले हे दोन शब्द दुसऱ्यांना सांगत आला होता. आपल्या वाट्याला आल्यावर ते किती कडू लागतात हे त्याला त्या दिवशी कळलं. तो पाच वेळा गेला. सहाव्या वेळी त्याने मुकाट्याने ‘सहल’ लिहिलं आणि चार मिनिटांत परवाना मिळाला.

पण परवान्यावर छापलेलं होतं की रस्ता रेतीचा असल्याने उंच, चारही चाकं ओढणारी गाडी सक्तीची. केलापिलेची गाडी घराच्या फाटकातल्या उंचवट्यालासुद्धा पोट घासायची. सगळ्या गोतावळ्यात तशी एकच जीप होती, आणि ती कुणाची असावी? रा सेबोनींची. तो आठवडाभर तळमळला आणि शेवटी रामोत्स्वाला गेला. भाचीला सासरी जाण्याआधी आपलं देवक दाखवावं म्हणतो, असं त्याने सांगितलं. मी काय, पाहिलेलाच आहे, असंही जोडलं. सेबोनींना ही कल्पना फार आवडली. जीप द्यायला ते एका पायावर तयार होते. फक्त ती जीप त्यांच्याशिवाय उंबरठा ओलांडत नसे.

अशा रीतीने गुपचूप एकट्याने उरकायच्या कामाला ज्याच्यापासून लपवायचं तोच माणूस गाडी चालवत निघाला. भाचीचं नाव घेतलं म्हणून भाची आली. भाची आली म्हणून म्मागोफा आली, आणि ती आली म्हणून तीन पायांचा लोखंडी हंडा, मक्याचं पीठ, सहा घोंगड्या, दोन कोंबड्या आणि माग्विन्यांचा डबा आला. सेबोनींनी स्वतःची चामडी पट्ट्यांची खुर्ची आणली, कारण परक्या ठिकाणी ते दुसऱ्या कशावर बसत नसत. या सगळ्यावर म्माचेपोने धावत येऊन वाळवीची गोणी टाकली आणि निरोपाचा हात हलवला.

मोलेपोलोलेच्या पुढे गोणीची शिवण उसवली. लेत्ल्हाकेंगला थांबून पाहिलं तर अर्धी वाळवी पिठात शिरली होती आणि उरलेली सेबोनींच्या घोंगडीत. म्हाताऱ्याने घोंगडी झटकली, केलापिलेकडे पाहिलं आणि विचारलं की मागच्या खेपेला पण गोणी आणली होती का? केलापिले म्हणाला, नाही, मागच्या खेपेला तो आपणहून आला होता. मागच्या सीटवर म्मागोफाला एकदम ठसका लागला. एक खोटं बोललं की त्याला दर चाळीस किलोमीटरवर खायला घालावं लागतं, हे केलापिलेच्या लक्षात आलं होतं, पण आता गाडी पुढे निघाली होती.

खुत्सेत पहिला दिवस हरणं पाहण्यात गेला. हरणं उदंड होती. ती रस्त्यात उभी राहून या चौघांकडे बघत होती, आणि केलापिलेला प्रत्येक हरीण आपल्याला हसत असल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता, कोरड्या तळ्याच्या कडेने जाताना, सेबोनी नारेच्या पराक्रमाची एक हकीकत सांगायला दोन्ही हात चाकावरून उचलते झाले आणि जीपचं पुढचं चाक धाडकन खाली गेलं. गाडी तिरकी झाली. खाली पाहिलं तर भलंमोठं बीळ होतं.

“थाकाडूचं बीळ,” सेबोनी म्हणाले. त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि घडी घालून हात पोटावर ठेवले. “तुमच्या घरचा खड्डा आहे. तुम्हीच बघा.”

अभयारण्यात गाडीतून उतरायला मनाई, पण अंधार पडायच्या आत मुक्कामावर पोचायचीही सक्ती. केलापिले फावडं घेऊन उतरला. सेबोनींनी सिंहावर लक्ष ठेवायचं काम स्वतःकडे घेतलं आणि दर दोन मिनिटांनी खिडकीतून ‘अजून नाही’ असा अहवाल द्यायला सुरुवात केली, त्यामुळे केलापिले प्रत्येक अहवालाला फावडं थांबवून मागे बघायला लागला. चाकाखाली भर घालायला दगड शोधावा तर त्या मुलखात दगड औषधालाही नाही. मग त्याला गोणी आठवली. त्याने वाळवीची सगळी माती चाकाजवळ ओतली, कोट काढला, पालथा पडला आणि खांद्यापर्यंत बिळात शिरून माती आत दाबायला लागला. बाहेर राहिली ती फक्त त्याची पाठ, पाय आणि खात्याने दिलेले तपकिरी बूट.

आता पुढचं सगळं जीपमधून दिसलं ते सांगतो, कारण केलापिलेला तर दिसायचा प्रश्नच नव्हता.

झुडपाआडून एक लांब नाक बाहेर आलं. मग कान. मग सगळा थाकाडू, पिवळसर, केस विरळ, पाठ कमानीसारखी, उन्हात डोळे किलकिले करत. सेगामेत्सीने मामीचा हात एवढ्या जोरात धरला की बांगडी रुतली. सेबोनींचा हात भोंग्याकडे गेला, तो म्मागोफाने वरच्यावर पकडला. भोंगा वाजला तर पळेल ना तो. ओरडायचंही नाही, उतरायचंही नाही, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो जमिनीत डोकं घालून बसलेला. म्मागोफाने डबा उघडला आणि एक माग्विनी नवऱ्याच्या पाठीवर नेम धरून मारली. बिळातून घुमत आवाज आला की मला भूक नाही. तिने दुसरी मारली. भूक नाही म्हटलं ना एकदा, असा आवाज आला. तिसरी मातीत पडली. थाकाडूने ती हुंगली, बाजूला सारली, वाळवीची माती चाटली, पुढे झाला आणि केलापिलेच्या डाव्या बुटाला नाक लावून उभा राहिला. सेगामेत्सीकडे शाळेचा कॅमेरा होता आणि त्यात एकच फोटो उरला होता. तिने तो काढला. त्या आवाजासरशी थाकाडूने मान वर केली, सेबोनींच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि चार ढांगांत नाहीसा झाला.

मग जीपमध्ये जो आरडाओरडा झाला तो ऐकून केलापिलेला वाटलं सिंह आला. तो बिळातून असा सुटला की शर्टाची दोन बटणं तिथेच राहिली. तोंडात माती, डोळ्यांत माती. सेबोनी खिडकीतून अर्धे बाहेर लोंबत होते आणि एकाहत्तर वर्षांचा माणूस पोरासारखा नाचत होता.

“पाहिलात ना, थाकाडू? पाहिलात ना त्याला?”

केलापिलेने डोळे पुसले. समोर रिकामी रेती होती. “पाहिला की,” तो म्हणाला.

घरी पोचल्यावर, दार लावून घेतल्यावर, म्मागोफा एवढंच म्हणाली की तो चालताना एक कान पुढे ठेवतो आणि एक मागे, आणि मधूनमधून अदलाबदल करतो. पाठ करून ठेव. फोटो आठवड्याने धुऊन आला. त्यात दोन प्राणी होते, दोघांचीही पाठ वर आणि तोंड मातीत, आणि कुठलं कुणाचं देवक हे परक्याला सांगता आलं नसतं. म्माचेपोने तो गावभर फिरवला. खाटीक केलापिलेला बघून उठून उभे राहायला लागले. त्लोक्वेंगमध्ये थाकाडूच्या हाताच्या अंतरावर जाऊन आलेला माणूस म्हणून केलापिलेचं नाव झालं, आणि त्याला एक घास गोड लागेना.

सप्टेंबर आला. मांडवात दोन्ही गावं बसली होती. केलापिले स्तुती म्हणायला उभा राहिला आणि ती त्याने खणखणीत म्हटली. मग सेबोनी काठी टेकून उठले आणि त्यांनी सगळ्यांच्या देखत, हसत हसत, तो कानांचा प्रश्न विचारला. उत्तर तयार होतं. एक पुढे, एक मागे. केलापिलेने तोंड उघडलं आणि त्याची नजर सेगामेत्सीवर गेली. नव्या कपड्यांत बसलेल्या त्या पोरीने मान खाली घातली होती. फोटो तिनेच काढला होता. मामाचं डोकं कुठे होतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि मामासाठी ती गप्प राहणार होती, जन्मभर.

“मला माहीत नाही,” केलापिले म्हणाला. “मी त्याला पाहिलेलंच नाही. जूनमध्ये खोटं बोललो आणि खुत्सेलाही खोटं बोललो. सव्वीस वर्षं लोकांची मापं तपासली, माझंच माप खोटं निघालं.”

आत्याने शाल तोंडाशी नेली, पण हसायला नव्हे. केलापिलेचे कान तापले होते, आणि तरी जूनपासून प्रथमच त्याला छातीवरून गोणी उतरल्यासारखं वाटत होतं.

“मला ठाऊक होतं,” सेबोनी म्हणाले. “बिळात तोंड घालून कुणाला काय दिसणार. पण मी वर बसलो होतो, मला सगळं दिसलं.” ते मंडळींकडे वळले. “तो आला. याच्या बुटाशी उभा राहिला. एक कान याच्याकडे, एक आमच्याकडे. बराच वेळ. घाबरला नाही. मला पाहिल्यावर पळाला, याला पाहून नाही. आपला माणूस त्याला कळला. आता कुणी विचारलं की थाकाडू खरंच असतो का, तर त्याला माझ्याकडे पाठवा.”

बायकांनी जिभा हलवून असा जल्लोष केला की मांडवावरची कबुतरं उडाली. सेगामेत्सी उठली आणि रीतभात बाजूला ठेवून मामाच्या गळ्यात पडली, आणि केलापिले तिथेच सगळ्यांसमोर रडला.

जेवणं झाल्यावर सेबोनींनी त्याला बाही धरून गुरांच्या गोठ्यामागे नेलं. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून ते काठीने माती उकरायला लागले.

“नारे उत्तरेला असतात म्हणे,” ते म्हणाले. “गुरांत शिरू नयेत म्हणून सरकारने घातलेल्या कुंपणापलीकडे. मी महालाप्येच्या वर कधी गेलोच नाही.”

केलापिलेला कळायला क्षणभर लागला. “म्हणजे, रा, तुम्ही आजवर...”

“दिनदर्शिकेवर पाहिलाय,” म्हातारा पुटपुटला. “फेब्रुवारीच्या पानावर. त्या परवान्याला काय काय लागतं?”

केलापिलेने कोटाच्या खिशातून पेन काढलं, टोपी नीट केली आणि खात्यातला चेहरा केला. “पहिली गोष्ट,” तो म्हणाला, “उद्देशाच्या रकान्यात सहल लिहायचं. आणि गाडी मी चालवणार.”